लेबल ८४

“बटण पळालं, मॅडम.”

काबासिंगुझीनं मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता… बुटांना लाल माती, केसांत चहाचं एक कोवळं पान, आणि पुढे केलेल्या हातात मोबाइल. आफ्रिकेतल्या तोरो मुलखात, डोंगरउतारावरच्या त्या चहाच्या कारखान्यात ती नुकतीच रुजू झाली होती. फारसा कोड न लिहिता, पडद्यावर पेट्या ओढून-जोडून तिनं पानांचं वजन नोंदवायचं अ‍ॅप बनवलं होतं.

“पळालं नाही, लपलंय,” ती म्हणाली. “वजन भरलंत का?”

“नाही.”

“भरा.”

त्यानं आकडा भरला आणि खाली हिरवं ‘पाठवा’ बटण उगवलं.

“प्रत्येक बटणाला एक अट घालता येते. अट पुरी झाली की दिसतं, तोवर लपून राहतं. तिथेच असतं, फक्त दिसत नाही.”

“म्हणजे माणसांसारखंच,” तो हसून म्हणाला. “मी बुसिंगे, वजनकाट्यावरचा. एम्पाको अराली. तुमचं?”

पहिल्या भेटीत एम्पाको विचारायचं ही तोरोची रीतच. मायेनं हाक मारायची ही नावं बाराच. त्यातलं एक राजाचं, उरलेली अकरा साऱ्या मुलखात वाटलेली. पण काबासिंगुझीला तिच्या एम्पाकोनं आई-वडीलच हाक मारत. वडील गेल्यापासून तिनं ते बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मॅडम म्हटलंत तरी चालेल,” ती म्हणाली.

“बरं… मग मी ओळखतो. अकराच तर आहेत. दर शुक्रवारी एक.”

आणि तो खरंच येऊ लागला. शुक्रवारी पानं तोलून झाली, की भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन हजर.

“अकीकी?”

“नाही.”

“आमूटी?”

“चेहरा बघा माझा. आमूटी वाटतो?”

“नीट बघू दिलात तर सांगतो,” तो म्हणे, आणि ती घाईघाईनं पडद्याकडे वळे.

नाव चुकलं की तो शेजारी बसून काम शिकायचा. तिनं त्याला अ‍ॅपमध्ये फेरफार करायची मुभाही दिली. हात चांगला होता त्याचा, खोड एकच. नव्या पेटीला नाव द्यायचा नाही, यंत्रानं दिलेलं ‘लेबल ६१’, ‘लेबल ६२’ तसंच ठेवायचा.

“नाव द्या हो तिला. उद्या मी ओळखू कशी?”

“तुम्ही तरी कुठे दिलंय नाव?” तो म्हणायचा. आणि खरंच, अ‍ॅपमधल्या कामगारांच्या यादीत एम्पाकोचा रकाना फक्त तिचाच रिकामा होता.

नऊ शुक्रवार गेले, नऊ नावं चुकली. उरली दोन, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. पुढच्या शुक्रवारी तो बरोबर बोलणार हे उघड होतं. काबासिंगुझीनं त्या दिवशी निळा झगा घातला. शेंगा ठेवायला बशीही घरून आणली.

तो आला नाही. वजनकाट्यावर कळलं की बुसिंगेची दूर होइमा गावच्या कारखान्यात बदली झाली, कालच गेला. जाताना काही बोलला नाही… निरोपसुद्धा नाही. तिनं बशी कपाटात ठेवून दिली.

सहा वर्षं गेली. कारखान्यानं नवं अ‍ॅप घ्यायचं ठरवलं, आणि जुन्यातली यादी तिकडे पाठवायचं काम तिच्याकडेच आलं. मंगळवारी सकाळी यादी अडकली. एक रकाना रिकामा, म्हणून नवं अ‍ॅप ती घेईना. कुणाचा, ते बघायची गरजच नव्हती.

तिनं स्वतःचं पान उघडलं. क्षणभर थांबली. मग सावकाश लिहिलं – अब्वूली.

नावाखाली, इतकी वर्षं कोऱ्या असलेल्या जागेत, अक्षरं उगवली.

“अब्वूली, पहिल्याच आठवड्यात तुझ्या आईनं डबा द्यायला फाटकातून हाक मारली, तेव्हाच मला नाव कळलं होतं. शुक्रवार संपू नयेत म्हणून चुकत राहिलो. गुरुवारी माझी बदली आहे. पण हे नाव तू आपणहून दिलंस, तरच पुढचं बोलायचं ठरवलंय. थांब म्हणालीस तर जाणार नाही. – अराली.”

लेबल ८४. बिननावाचं. अ‍ॅपमधल्या पेट्यांच्या यादीत तिनं ते कितीदा पाहिलं होतं, आणि त्याचीच कुठली तरी अर्धवट पेटी म्हणून पुढे सरकली होती.

तिनं होइमाला फोन लावला. बुसिंगेला बोलवायला सांगितलं.

“कोण?”

“अब्वूली.”

 पलीकडे कुठेतरी पानं वाळवायचा पंखा घरघरत होता.

“…फार उशिरा भरलास रकाना,” तो हळूच म्हणाला.

“आणि तू? तोंडानं विचारता येत नव्हतं? अटी कसल्या घालतोस?”

“तुझ्याकडूनच शिकलो.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग जे विचारायची भीती वाटत होती, ते विचारलं. “घरी… कोण असतं?”

“एक मांजर आहे. तुझंच नाव दिलंय तिला. हाक मारायला कुणीतरी हवं ना.” मग त्यानं विचारलं, “आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“म्हणजे तीन दिवस. शेंगा अजून आवडतात?”

“बशी आहे माझ्याकडे,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं यादी नव्या अ‍ॅपकडे पाठवून दिली. जुनं शनिवारी बंद होणार होतं. ते बंद व्हायच्या आत तिनं लेबल ८४ उघडलं, त्याची अट काढून टाकली, आणि नावाच्या जागी लिहिलं – अराली.