चष्म्याची खूण

व्यासपीठाखालून दोन पाय तेवढे बाहेर आले होते. एका पायात चप्पल होती, दुसरीचा पत्ता नव्हता.

"हे पाय कुणाचे?" वरून आवाज आला. "की हेही आमच्या जुन्या वस्तूंमधलेच?"

"मागे व्हा. शॉक बसेल."

"पायांचा?"

"वायरचा!"

मग ती सरपटत बाहेर आली. केसांत जळमट, मनगटात बांगडीसारखं चिकटपट्टीचं रीळ, आणि चेहऱ्यावर 'कोण हा शहाणा' असा भाव. समोर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आलेला.

"मी आजचा वक्ता," तो म्हणाला.

"इतक्या लवकर? वक्ते उशिरा येतात आणि उशिरापर्यंत बोलतात."

"मी लवकर येतो… आणि उशिरापर्यंत बोलतो."

नको नको म्हणताना तिला हसू आलं.

कॉलेजनं यंदा सभागृहाची दारं गावासाठी उघडली होती. दर शनिवारी दुपारी आपल्या मुलखाच्या इतिहासावर आणि जुन्या रीतीभातींवर व्याख्यान. कुणीही यावं, ऐकावं. सगळी व्याख्यानं या एकट्याकडे होती. हा म्हणे गावोगाव पायी हिंडून जुन्या विहिरी, कुलपं, होड्या असलं काहीबाही शोधून काढायचा. आणि सभागृह होतं तिच्या ताब्यात. माइक, दिवे, पंखे, प्रोजेक्टर, सगळ्याची किल्ली तिच्या कमरेला. म्हणून प्राचार्यबाईंपासून माळ्यापर्यंत सगळे तिला बटणताई म्हणत.

तिनं त्यालाही तेच नाव सांगितलं.

"बटण…" तो थांबला. "पुढचं मला नाही जमणार."

"का? जीभ अडखळते?"

"जीभ नाही, मन अडखळतं. मी आपलं नुसतं 'अहो' म्हणतो. चालेल?"

न चालायला काय झालं! माणसं पोस्टमनलाही 'अहो' म्हणतात. तरी तिचे कान उगीचच तापले.

"आणखी एक," तो म्हणाला. "मला बोलताना मध्येच 'पुढची स्लाइड' म्हणवत नाही. गोष्ट रंगात यावी आणि कुणीतरी हुकूम सोडावा, तसं होतं ते."

"मग मला कळणार कसं? तुम्ही इथं, मी तिकडे मागे, वर केबिनमध्ये. मला काही स्वप्न पडत नाही."

"मी चष्मा असा वर सारीन. की तुम्ही बदला."

"ठरलं. चष्मा वर, स्लाइड पुढे."

आणि इथंच सगळा घोळ झाला.

सभागृहाच्या मागच्या भिंतीत, लोखंडी जिना चढून गेलं की, तिची केबिन होती. टेबल, खुर्ची, प्रोजेक्टर आणि समोर मोठी काच. व्याख्यान चालू असताना तिथं काळोख हवा, नाहीतर पडद्यावरचं चित्र फिकं पडतं. हा नियम तिचा आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. एकदा प्राचार्यबाईंनी काहीतरी शोधायला तिथला दिवा लावला, तर हिनं त्यांना हाताला धरून जिन्यावर आणून सोडलं होतं.

त्या पहिल्या शनिवारी तो विहिरींवर बोलला. तिनं आजवर कितीतरी व्याख्यानं ऐकली होती, म्हणजे सोसली होती. वक्ता कागद वाचतो, लोक पेंगतात, आपण माइकची तब्येत सांभाळायची. पण हा बोलू लागला आणि तिचा माइकच्या बटणावरचा हात सैल पडला. पडद्यावर विहिरीच्या काठाचा एक दगड होता, दोरानं घासून घासून खाचा पडलेला.

"या खाचा कुणी कोरल्या नाहीत," तो म्हणाला. "राजांना आपलं नाव दगडावर मुद्दाम खोदून घ्यावं लागलं. रोज पाणी ओढणाऱ्या बायकांनी मात्र छिन्नीला हातही न लावता सही केली."

सभागृह चिडीचूप झालं. त्यानं मान वर करून केबिनच्या काचेकडे पाहिलं, चष्मा वर सारला, तिनं बटण दाबलं. पुन्हा सारला, पुन्हा दाबलं. हा बोलतोय तिसऱ्या विहिरीबद्दल आणि पडद्यावर सातवी! पण गडी हुशार. "ती घाईत आहे, तिचं आधी ऐकू," म्हणून त्यानं सातव्या विहिरीची गोष्ट सांगितली आणि लोक खूश झाले.

व्याख्यान संपल्यावर तो जिना चढून आला.

"अहो, विहिरी का पळवत होता?"

"मी? चष्मा कोण वर सारत होतं?"

"इतक्या वेळा सारला?"

"सैल आहे तो. आवळून घ्या."

पुढच्या शनिवारी तो चष्मा इतका आवळून आला की नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते. विषय जुन्या कुलपांचा. चष्मा जागचा हलत नव्हता, हात मात्र पुन्हा पुन्हा वर जात होता. कुलपं विहिरींच्या वरताण धावली.

पहिल्या रांगेत विणकाम घेऊन तिची मावशी बसायची. आईच्या मागे हिला मावशीनंच वाढवलं. उभा जन्म दवाखान्यात परिचारिका म्हणून गेलेला, त्यामुळे माणसाला काय झालंय हे तिला नाडी न धरताही कळे. घरी जाताना तिनं विषय काढलाच.

"सर काय बोलतात गं! नुसतं ऐकत राहावं."

"बोलतात छान. पण चष्मा इतका आवळलाय तरी घसरतो."

"चष्मा कुठला घसरतोय? माणूस घसरतोय. आधी तुझ्या काचेकडे बघतो, मग हात नाकाकडे जातो."

"तू तर झोपली होतीस. घोरत होतीस."

"एक डोळा उघडा होता माझा. आणि काय गं, सगळं कॉलेज तुला ताई म्हणतं, हा एकटाच का नाही म्हणत?"

ती भराभर चालू लागली. तिला तो आवडत होता, अगदी मनापासून आवडत होता, हे तिचं तिला कळून चुकलं होतं. पण त्याचं बोलणं ऐकताना सगळं सभागृहच तोंडात बोट घालून बसायचं. तेवढ्यात आपण एक, यात काय नवल? कौतुकाला प्रेम समजून फसायचं, आणि वर हसं करून घ्यायचं, एवढी काही ती खुळी नव्हती.

मग आला पावसाचा शनिवार. व्याख्यान ऐन रंगात आणि छपराच्या पत्र्यावर सरी अशा कोसळल्या की माइकनंही हात टेकले. त्यानं हसून हात जोडले, लोक व्हरांड्यात चहाला पांगले आणि हा थेट केबिनमध्ये. काचेवर वाफ धरली होती. एकच खुर्ची, ती तिनं त्याला दिली, त्यानं तिला दिली, शेवटी दोघंही उभेच राहिले.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. पावसामुळे वाकून, कानाजवळ बोलावं लागत होतं. "लांबच्या शहरातल्या एका संग्रहालयानं बोलावलंय मला. कायमची नोकरी. इथं प्राचार्यबाईही राहा म्हणतायत. शेवटच्या व्याख्यानाच्या दिवशी दोघांनाही उत्तर द्यायचंय."

तिनं काचेवरच्या वाफेत बोटानं एक रेघ ओढली.

"मग? काय ठरवलंय?"

"इथं… राहण्यासारखं काही दिसलं, तर राहीन म्हणतो."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हात नाकाकडे गेला. इथं ना पडदा होता ना स्लाइड, आणि मावशीचं म्हणणं तिला लख्ख पटलं. बस, एक शब्द बोलायचा होता. पण ऐन वेळी माणसाची जीभ जे करू नये तेच करते.

"इथं काय आहे?" ती म्हणाली. "विहिरी तर सगळ्या बघून झाल्या तुमच्या."

"हो…" तो म्हणाला. "विहिरी झाल्या."

पाऊस ओसरला आणि तो जिना उतरून गेला. तिनं वाफ धरलेली काच पुसली आणि स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

त्यातच प्राचार्यबाईंना सुचली हुशारी. "स्लाइड फार पुढेमागे होतात बाई," म्हणून त्यांनी त्याच्यासाठी छोटासा रिमोट आणला. शेवटच्या व्याख्यानाला तोच बटण दाबणार. म्हणजे आता चष्म्याची खूण नको आणि वर काचेकडे बघायलाही नको. तिनं रिमोट त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो खिशात टाकला.

पण व्याख्यान सुरू व्हायच्या आधी तो धापा टाकत वर आला.

"अहो, हा चालत नाही."

"सकाळी तर चालत होता." तिनं मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. "यातले सेल कुठे गेले?"

"मी इतिहासाचा माणूस," तो छताकडे बघत म्हणाला. "यंत्रातलं मला काय कळतं? आपली जुनीच पद्धत बरी."

ती काही बोलायच्या आत तो गेलाही.

शेवटचा विषय होता नदीचा आणि नावाड्यांचा. पूल नव्हता त्या काळातली गोष्ट. पडद्यावर रुंद, शांत पात्र होतं.

"उतारू इकडच्या काठाला, नावाडी पलीकडे झोपडीत," तो सांगत होता. आज त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "सांज झाली की हाक पोचायची नाही. मग उतारू कंदील वर धरायचा. पलीकडून नावाड्यानं आपला दिवा दाखवला की समजायचं, आपली हाक पोचली. होडी यायला वेळ लागायचाच. पण तो दिवा दिसला की माणूस निवांत काठावर बसायचा, कितीही वेळ. आणि नाही दिसला, तर… तर तो बिचारा किती वेळ थांबणार? उठायचा आणि दुसऱ्या वाटेनं निघून जायचा."

तो थांबला. त्यानं मान वर करून काचेकडे पाहिलं. चष्मा हळूच वर सारला.

तिचं बोट बटणावर होतं. पुढची स्लाइड शेवटची, आभाराची. ती दाबली की टाळ्या, आणि सगळं संपलं. तिनं बोट उचललं. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं केबिनचा दिवा लावला.

पडद्यावरची नदी एकदम फिकी झाली. सभागृहातल्या सगळ्या माना मागं वळल्या. प्राचार्यबाई हातवारे करून 'घालव, घालव' म्हणू लागल्या. ती काचेशी तशीच उभी राहिली. सगळ्यांना दिसो, आता काय व्हायचं ते होवो.

आणि खाली तो, ज्याला धावत्या विहिरींनी कधी अडवलं नव्हतं, तो पार गडबडला. तोंड उघडलं, शब्द फुटेना. हसू मात्र आवरेना. शेवटी पहिल्या रांगेतून मावशीच म्हणाली, "अहो सर, पुढं सांगा की. होडी आली का?"

"येतेय," तो म्हणाला. "आता… आता नक्की येतेय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीही त्याचीच काहीतरी करामत.

सभागृह रिकामं होऊ लागलं तसा तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. दारात उभं राहून म्हणाला,

"स्लाइड पुढे गेली नाही."

"चष्मा स्लाइडसाठी नव्हता."

"कधीपासून माहीत होतं?"

"मावशीला कुलपांपासून. मला पावसापासून."

"मग त्या दिवशी विहिरींचं का बोललात? मी घरी जाऊन बॅग काढली होती."

"भीती वाटली." आता लपवायचं काय उरलं होतं? "सगळं सभागृह तुमच्याकडे डोळे लावून बसतं. वाटलं, मीही त्यातलीच एक. आणि तुमचं बघणंही सगळ्यांकडे सारखंच असलं तर?"

"सगळ्यांकडे? अहो, तुम्ही दिवे थेट माझ्या डोळ्यांवर सोडता. पहिल्या रांगेतली मावशीसुद्धा दिसत नाही मला. सगळ्या सभागृहात एक ती काच दिसते, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात तिच्यामागचा एक चेहरा. मी दर शनिवारी त्या एका चेहऱ्याला गोष्ट सांगत होतो. बाकीच्यांनी ऐकली, तो त्यांचा चांगुलपणा."

तिचे डोळे भरून आले.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात. बोलताना हवे आहात आणि गप्प बसलात तरी हवे आहात."

घाम पुसायला त्यानं खिशातून रुमाल ओढला, आणि टणटण करत दोन सेल जमिनीवर पडून तिच्या पायाशी घरंगळत आले.

"यंत्रातलं काही कळत नाही, नाही का?" ती डोळे पुसत हसली.

"तेवढंच कळतं. काढायचे कसे, ते."

"अगं ए," खालून मावशीचा आवाज आला, "तो दिवा घालव आता! कळलं सगळ्या गावाला! आणि प्राचार्यबाई उत्तरासाठी थांबल्यात म्हणावं."

तो सेल उचलायला खाली वाकला. दोन्ही हातांत सेल घेऊन उठला, तेव्हा त्याचा चष्मा खरोखरच घसरला होता, नाकाच्या अगदी शेंड्यापर्यंत. ती एक पाऊल पुढे आली आणि एका बोटानं तिनं तो हळूच वर सारला.

"अहो," ती म्हणाली, "चष्मा वर. आता पुढे चला."