सहावीच्या वर्गातलं माप

सहावीला 'इतिहासाची साधने' शिकवायची, तर ती साधनं पोरांना दिसायला नकोत का? म्हणून स्वप्नालीनं घरातली एकेक जुनी वस्तू आणायला सांगितली. पोरांनी आणलं काय, तर कुकरचा तुटका दांडा, दोन शिट्ट्या आणि बटणांचा मोबाईल. "लई जुना हाय मॅडम, दादाच्या लग्नाच्या आधीचा!" रेणापूरच्या पोरांचा इतिहास दादाच्या लग्नापाशीच अडला होता. स्वप्नालीनं कपाळाला हात लावला आणि शाळा सुटल्यावर तडक बाजारातलं भांड्यांचं दुकान गाठलं.

गल्ल्यावरच्या तरुणानं मान वर केली... आणि ती तशीच वर राहिली.

"जुनं काही आहे का?"

"जुनं मोडीत जातंय, मॅडम. इथं लोक जुनं देऊन नवं नेतात."

"मला उलटं हवंय."

"मग तर धंदाच बसंल माझा," तो हसला. "तरी बसा. चहा सांगू?"

हा मल्लिनाथ. त्या दिवसापासून मोडीत आलेलं जे काही बरं दिसेल ते तो तिच्यासाठी बाजूला काढू लागला. कधी अडकित्ता, कधी हात धुवायचं तस्त. आणि स्वप्नालीही रोज कौतुकानं बघायला जाऊ लागली. तस्त तर एका नजरेत बघून होतं, पण तिला अर्धा तास लागायचा.

"हे कुणी आणलं होतं? किती वर्षांचं असेल?" ती विचारायची.

"तुम्ही तर उलटतपासणी करून राहिलात."

"इतिहासात विचारावंच लागतं."

"मग मलाबी विचारा की कायतरी."

"तुम्हाला... काय विचारू?"

यावर मात्र मल्लिनाथ हातातलं स्वच्छ झाकण पुन्हा पुसायला घ्यायचा. गिऱ्हाइकाला नको असलेली परात गळ्यात मारणारा हा माणूस, मनातलं बोलायची वेळ आली की त्याची वाचाच बसायची.

या जमवलेल्या वस्तूंचं वर्गातलं प्रदर्शन शनिवारी होतं. त्याच्या आदल्या दिवशी त्यानं पिशवीतून एक पितळी माप काढलं. "पणजोबाच्या आडतीवरला शेर हाय. घरचाच."

"आईंना विचारलंत?"

"हाव... म्हणजे विचारीन," तो म्हणाला. मग खाली बघत हळूच पुटपुटला, "परवा शिरूर अनंतपाळला जायचंय."

"माल आणायला?"

"न्हाई... पोरगी बघायला."

नका जाऊ, असं स्वप्नालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं भलतंच. "शुभेच्छा."

"थँक्यू," मल्लिनाथ म्हणाला.

दोघंही शहाणी! ती रात्रभर स्वतःवर चिडत राहिली.

शनिवारी वर्गात बाकांवर वस्तू मांडल्या आणि प्रत्येकीशेजारी एकेक पोर माहिती सांगायला उभं राहिलं. शेराचा मान सिंधूला मिळाला होता. ती आलेल्या पालकांना घडाघडा सांगू लागली, "ह्याच्यात धान्य मोजायचे. अन् नवी सून उंबऱ्यावर माप ओलांडते, ते बी हेच."

"कसं गं?" एका पालकानं उगाच तिची फिरकी घेतली.

"करून दाखवलं की कळतं, असं मॅडम सांगतात," सिंधू म्हणाली. खिचडी शिजवणाऱ्या महादेवीमावशींकडून तिनं शेरभर तांदूळ आणले आणि माप उंबऱ्यावर ठेवलं. पण सून व्हायला एकही पोरगी तयार होईना. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मॅडम, तुम्हीच!"

नाही कशी म्हणणार? स्वतःच शिकवलेलं अंगाशी आलं होतं. पदर सावरून ती व्हरांड्यात उभी राहिली, उजवं पाऊल उचललं आणि माप अलगद लवंडलं. तांदूळ वर्गात पसरले, टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अगं बाई!" मागून आवाज आला.

स्वप्नालीनं वळून पाहिलं. कमरेवर हात ठेवून एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे मल्लिनाथ, चोरी पकडल्यासारखा.

"आई... ह्याच त्या मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

"समजलं," नीलाबाई म्हणाल्या. "सकाळपासून घर धुंडाळलं, तवा ह्यानं कबूल केलं. बाई, हे माप साधं न्हाई. माझ्या सासूबाई हेच ओलांडून घरात आल्या, म्या बी हेच ओलांडून आले. अन् आज तुम्ही लवंडलं."

"काकू, माफ करा! हे फक्त दाखवण्यापुरतं..."

"शाळेतला खेळ असंल तर काही बोलणं न्हाई. माप घेते अन् जाते, उद्या शिरूरला जायचंय," नीलाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "पण रोज दुकानात अर्धा-अर्धा तास तस्त बघत बसणारी मॅडम तुम्हीच ना? खेळ नसंल तर आत्ता सांगा."

स्वप्नालीनं आशेनं मल्लिनाथकडे पाहिलं. तो आपल्या चपलांचे अंगठे निरखत होता. आता गप्प राहिलं तर हा माणूस उद्या शिरूरला जाणार आणि तिथंही असाच गप्प बसून, कुणाचा तरी नवरा होऊन परत येणार!

"मॅडम, माप ओलांडलं की नाव घ्यावं लागतं!" सिंधूनं आठवण करून दिली.

स्वप्नालीनं डोळे मिटले. आणि एका दमात नाव घेतलं...

"तहांची कलमं शिकवली, लढाया शिकवल्या सात,
मल्लिनाथरावांनी विचारलंच नाही, मीच पुढं केला हात!"

वर्गात असा गलका उठला की शेजारच्या वर्गातली पोरंही पळत आली.

"म्या विचारणारच होतो," मल्लिनाथ लालबुंद होऊन म्हणाला.

"कवा? तिच्या लेकराच्या बारशाला?" नीलाबाईंनी त्याला झापलं, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. "बाई, माहेर कुठलं तुमचं?"

"उदगीर."

"मग उद्या उदगीरला येतो, तुमच्या आईबापाला रीतसर विचारायला. गाडी तर सांगितलेलीच हाय. शिरूरला फोन करून टाकते. अन् तू काय बघत उभा राहिलास? तांदूळ भर! पोरांनी काय उपाशी राहायचं?"

मल्लिनाथ उंबऱ्यापाशी बसून तांदूळ गोळा करू लागला. स्वप्नालीही समोर बसली. ओंजळीला ओंजळ लागली, पण दोघांनीही हात मागं घेतला नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "पोरांनी आग्रह केला म्हणून तर बोललात न्हाई ना?"

"नाही हो," स्वप्नाली म्हणाली. "तुम्ही मला आवडता. पहिल्या चहापासून."

"मला तर..." मल्लिनाथ म्हणाला, "चहा सांगायच्या आधीपासून."