जॉनच्या नावाचं तिवर

"माझ्या नवऱ्याचं झाड चोरीला गेलंय," फोनवरची बाई म्हणाली. "तुमच्याच बँकेनं लावलेलं."

चेतना बँकेच्या अंधेरीच्या कचेरीत तक्रारींचा तपास करायची. कार्ड हरवलं, पैसे दोनदा कापले गेले, हे रोजचंच. झाडाची चोरी पहिलीच.

बँकेच्या ॲपवरून कुणालाही पैसे दिले की रक्कम पुढच्या दहाच्या पटीत कापली जायची आणि वरची चिल्लर तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, लागवडीला जायची. पुरेशी जमली की खातेदाराच्या नावानं खाडीत एक रोप लागायचं. त्याचा फोटो, जागा, तारीख, वेळ, सगळं फोनवर यायचं. फोन करणाऱ्या वर्सोव्याच्या सिसिलिया आंटींनी वर्षभर वाण्याला, औषधवाल्याला ॲपवरूनच पैसे दिले होते. रोपाला वारलेल्या नवऱ्याचं नाव दिलं, जॉन. त्याच्या वाढदिवशी त्या मेणबत्ती घेऊन गेल्या, तर जागा मोकळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला चेतना आंटींबरोबर खाडीवर पोचली. फोटोतल्या जागी माणूसभर पाणी होतं.

"पौर्णिमा आहे ना बाय," आंटी म्हणाल्या. "चारशिवाय चिखल दिसायचा नाय."

चार वाजेपर्यंत चेतनाला एका जागी बसवेना. पाणी उतरलं तेव्हा खाली नुसता चिखल. रोप सोडा, उपटल्याचा खड्डाही नाही.

लागवडीची योजना प्रांजलच्या हाती होती. तो चेतनाच्याच बरोबरीचा अधिकारी. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कचेरीत गाठलं.

"उपटून विकलीत मधुकरनं," तो तडक म्हणाला. "उद्या पोलिसांत देतोय त्याला."

"लावली होती नक्की?"

"मी स्वतः तिथे उभा होतो, यार! फोटो मीच काढलाय. बघ, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. चिखलात रांगेनं रोपं."

मधुकर लागवडीचा मुकादम. वीस वर्षं खाडीत रोपं लावण्यात गेलेली. तो बाहेरच्या बाकावर बसला होता.

"रोपं आलीच नाहीत, मॅडम."

"मग रोपं मिळाल्याच्या पावतीवर तुमची सही कशी?"

"कोऱ्या कागदावर घेतली साहेबांनी. म्हणाले, रोपं येतीलच."

"फोटोतल्या तारखेला कुठे होतात?"

"घरी. अमावास्या होती. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं."

एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. चेतनानं भरतीओहोटीचं वेळापत्रक मागवलं. सकाळी दोघांना समोर बसवलं.

"प्रांजल, त्या दिवशी बारा वाजता तू चिखलात उभा होतास?"

"किती वेळा सांगू? बूट फेकून द्यावे लागले."

"अमावास्या असो की पौर्णिमा, भरती दुपारी बाराच्या सुमारालाच येते. परवा पौर्णिमेला मी तिथेच होते. तू म्हणतोस त्या जागी माझ्या डोक्यावरून पाणी गेलं असतं. त्या अमावास्येलाही साडेबाराला पूर्ण भरती होती. हे बघ वेळापत्रक. तू तिथे नव्हतास आणि हा फोटोही तिथला नाही."

"मग मधुकरनं फसवलं असेल मला!"

"फोटो मीच काढला म्हणालास ना? आणि यांना खोटी वेळ टाकायची असती, तर ओहोटीची टाकली असती. खाडीवरचा माणूस अमावास्येच्या दुपारी चिखल दाखवणार नाही. ही चूक खाडी न पाहिलेल्याची आहे."

प्रांजलनं कपाळावरचा घाम पुसला.

"जागेची परवानगी अडकली होती," तो पुटपुटला. "ॲप तर सुरू झालेलं. लोक रोज विचारायचे, माझं झाड कुठाय? म्हणून दुसरीकडचे जुने फोटो टाकले. दोन महिन्यांत खरी लावणारच होतो."

"आणि तोवर यांना तुरुंगात पाठवणार होतास?"

प्रांजलनं वेळापत्रक बाजूला सारलं. मधुकर मात्र उठला. "घरी फोन करून येतो, मॅडम. पोरगी कालपासून जेवली नाहीये."

तासाभरात मुख्य कचेरीनं योजना थांबवली. प्रत्येक खातेदाराला खरं कळवायचं ठरलं. पहिला फोन चेतनानं स्वतः लावला.

"आंटी, झाड चोरीला गेलं नव्हतं. ते लावलंच नव्हतं. फोटो दुसरीकडचा होता."



"दीड महिना रोज सकाळी मी त्या फोटोशी बोलते गं," आंटी म्हणाल्या. "मग त्यातलं झाड कुणाचं होतं?"

चेतनाला ते ठाऊक नव्हतं.