खोटं बोलते, अशी नोंद

हर्षला मगदूम वर्गात शिरली आणि जन्मात न पाहिलेल्या मुलांना नावानिशी हाका मारू लागली. "काय समर्थ, ताप उतरला का? आर्या, आजी आली का गं गावाहून?" मुलं खूश झाली. कानातलं मसुराएवढं यंत्र तिला सगळं पुरवत होतं.

इचलकरंजीतल्या शाळांना मदतनीस शिक्षिका एजन्सी पाठवायची, रोज नवी. एकच बाई वर्षभर राहिली तर उद्या 'नोकरीत कायम करा' म्हणेल, ही खरी मेख. मग मुलांना ओळखायचं कोणी? त्यासाठी कानातली ही कर्णसखी. मुलं आजच्या बाईंशी जे बोलत, ते साठवून ती उद्याच्या बाईंच्या कानात सांगायची. बायका तिला चुगली म्हणत, आणि ते नाव तिला शोभायचं.

मागच्या बाकावर तिसरीतली राजनंदिनी मान वाकडी करून फळ्याकडे बघत होती. हर्षला जवळ गेली तशी तिनं डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"बाई, मला ह्या डोळ्यानं दिसत न्हाई."

लगेच कानात आवाज आला, "दुर्लक्ष करा. खोटं बोलते. आजवर कुत्र्याची अकरा नावं सांगितली आहेत."

हर्षलानं हळूच विचारलं, "कुत्र्याचं नाव काय गं तुझ्या?"

"कुत्रा न्हाईच की."

"मग बाईंना का सांगितलंस?"

"रोज नवी बाई येती आन् वळख असल्यागत बोलती. मी वाघ्या सांगितलं की दुसऱ्या दिशी नवी बाई इचारती, वाघ्या कसा हाय? म्हणून बघत हुते, किती जणी फसत्यात."

हर्षलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी खोटं कोण बोललं होतं? ही पोर, की ओळखीचं सोंग घेऊन आलेल्या बायका, तिच्यासकट?

तिनं यंत्र कानातून काढून बाकावर ठेवलं. पोरीचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोर बोटं धरली. "किती?"

राजनंदिनीनं मान इकडं-तिकडं वळवली.

"हात कुठं हाय, बाई?"

हर्षला तिला घेऊन तडक मुख्याध्यापिका आवटे मॅडमच्या खोलीत गेली. आवटेंनी सगळं ऐकलं आणि टेबलावरच्या संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. यंत्र काढले, नेमणूक रद्द, बदली शिक्षिका निघाल्या आहेत, असं त्यावर आलं होतं.

"अहो मगदूम, हिची नोंद ऐकलीत ना? उगाच कशाला विस्तवाशी खेळता? एजन्सीवाले यादीतून नाव काढतील तुमचं."

"काढू देत. मला दुसरं काम मिळेल, मॅडम. हिला दुसरा डोळा कुठून आणायचा? नोंद राहू द्या बाजूला. तुम्ही स्वतः बघा, त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आवटे नाइलाजानं उठल्या. त्यांनी पोरीचा उजवा डोळा झाकला, तीन बोटं धरली. पोरगी बोटं शोधत हवेत चाचपडली. आवटेंचा हात आपोआप खाली आला. तिची आई कामाला असलेल्या यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांनी स्वतःच फोन लावला, "माग बंद करून लगेच या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

पोरीला घेऊन हर्षला व्हरांड्यात आली, तेवढ्यात बदली बाई फाटकातून आत आल्या. तरुण होत्या, तोंडभर हसल्या. "काय राजनंदिनी, कशी आहेस?"

राजनंदिनी हर्षलाच्या मागं सरकली.

"ही खोटारडी आहे, असं आत्ता कानातली चुगली सांगेल तुम्हाला," हर्षला म्हणाली. "ते साफ खोटं आहे. नोंद खोडायचा अधिकार फक्त एजन्सीला आहे, मला नाही. पण असा शेरा बसलेली आणखीही मुलं त्या वर्गात असतील; खरं काय, ते तुम्ही त्यांना स्वतः विचाराल का?"

बदली बाईंचं हसू मावळलं. त्यांनी राजनंदिनीकडे पाहिलं आणि त्यांचा हात कानाकडे गेला. यंत्र काढायला, की नीट बसवायला?