बायकांच्या बाजूचा लोखंडी माणूस

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. फक्त हसू नका.

कारण ज्या बाईवर ही वेळ आली ती माझी सख्खी मावशी, रुखमाबाई. त्या संध्याकाळी माझी आई तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती. पुढे दोघींनी मला ही हकीकत वेगवेगळ्या वेळी सांगितली. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

साल १९६८. माघातली थंडी. गाव पिंपळगाव राजा. गावाबाहेरच्या पडीक वावरात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता.

आधी मावशीची अवस्था सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिचा नवरा तुळशीराम. कापसाच्या हंगामात तो मलकापूरला जिनिंग-प्रेसमध्ये कामाला जायचा. काम कसलं, तर पेटीत उतरायचं. सरकी काढलेली रुई वरून एका खोल पेटीत पडायची आणि हा आत उभा राहून ती पायांनी तुडवायचा. पेटी भरली की माणूस वर यायचा. मग यंत्राचा दाब बसायचा, लोखंडी पट्ट्या आवळल्या जायच्या आणि गठाण, म्हणजे रुईचा घट्ट गठ्ठा, तयार.

दिवसभर रुईत राहून त्याच्या कानात कापूस जायचा. घरी आला की तो दारातच थांबायचा, डाव्या हाताची करंगळी कानात घालायचा, बोळा बाहेर काढायचा आणि फुंकर मारून उडवायचा. मावशीला त्या सवयीचा भारी राग. बोळा नेमका चुलीकडे उडायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात तो घरी आलाच नाही.

गावातली माणसं मलकापूरला नेणारा मुकादम होता किसनराव. त्यानं येऊन सांगितलं, "तुळशीराम पिशवी घेऊन मुंबईच्या गाडीत बसतानी म्या माह्या डोयानं पाह्यला. संगं एक बाई व्हती."

झालं. गावाला चघळायला विषय मिळाला.

नवरा मेला असता तर लोकांनी चार दिवस तरी हळहळ केली असती. पळून गेला म्हटल्यावर सगळा दोष बायकोचा. सासू सोजराबाई तर उठता-बसता म्हणायची, "तुले नवरा सांभायता आला नाही, म्हून माहा लेक परागंदा झाला." मावशी ऐकून घ्यायची. रोज सकाळी कुंकू लावायची आणि रोज तिला एकच प्रश्न कुरतडायचा. तो आपल्याला टाकून गेला, की त्याचं काही बरंवाईट झालं? उत्तर कसलंही आलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण उत्तर द्यायलाच कोणी नव्हतं.

आता तंबू.

पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असायचा. अलीकडे, मशीनच्या बाजूला, पुरुष. पलीकडे बायका. पडदा पाण्यानं भिजवायचे, म्हणजे चित्र आरपार दिसे. बायकांना सगळं उलटं दिसायचं, उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. पण तिकीट अर्धं होतं, आणि तक्रार करायची तरी कोणाकडे?

त्या दिवशी जाहिरात होती देवाधर्माच्या सिनेमाची. म्हणून तर सोजराबाई सुनेला घेऊन आली होती. पडद्यावर निघालं भलतंच. कुठेतरी फिल्मच्या पेट्यांची अदलाबदल झाली होती. चित्रांचा सिनेमा! काढलेली माणसं, काढलेली घरं, आणि भाषा जपानी. आणि जिकडे पाहावं तिकडे लोखंडाची माणसं. आता आपण त्यांना रोबो म्हणतो. तेव्हा पिंपळगावात हा शब्द कोणाच्या बापानं ऐकला नव्हता.

तिकिटं विकून झाली होती. मालक माणिकराव पैसे परत करणाऱ्यातला नव्हता. त्यानं दवंडीवाल्या कडूबाच्या हातात माईक दिला. "सांग बे काहीबाही. मानसं उठले नाही पाह्यजे."

कडूबाची जीभ कधी थकायची नाही.

"मंडळी, हे जपान हाये! अथी मानूस काम करत नाही. काम कोन करते? हा लोखंड्या! याले भाकर लागत नाही, चहा लागत नाही. बायको नाही, म्हून भांडन नाही!"

पुरुषांच्या बाजूनं हशा उठला. बायकाही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. देवाचा सिनेमा नाही म्हणून रुसलेली सोजराबाई तेवढी तोंड वाकडं करून बसली होती.

पडद्यावर कारखाना आला. लोखंडी माणसं ओळीनं उभी. एक चाक फिरलं आणि त्यातला एक जण यंत्रात ओढला गेला. लगेच दुसरा येऊन त्याच्या जागी उभा राहिला. काढलेल्या माणसांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"एक गेला, दुसरा आला!" कडूबा ओरडला. "मुकादमाले काय फरक पडते?"

पुन्हा हशा. सगळ्यात मोठा आवाज पुढच्या खुर्चीवरच्या किसनरावाचा. पडद्यापलीकडूनही तो मावशीला ओळखू आला.

मावशी हसली नाही. तुळशीराम आला नाही, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या पेटीत कोणीतरी दुसरा उतरला होता. तिला ते ठाऊक होतं.

आणि मग...

बाहेर वीज पुरवणारं इंजिन धडधडत होतं. ते थांबलं.

इंजिन थांबलं की चित्र जातं. अंधार होतो, लोक शिट्ट्या मारतात.

चित्र गेलं नाही.

कडूबाचा आवाज मात्र गेला. पुरुषांचा हशा गेला. ओल्या पडद्यातून खालच्या मातीत थेंब पडत होते, त्यांचाही आवाज येईना. आई म्हणायची, "पडद्याच्या पल्याड कोनी नाहीच, असं वाटलं."

पडद्यावर एकच लोखंडी माणूस उरला होता. पाठमोरा. चौकोनी, ठेंगणा. अंगाभोवती आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या.

तो हळूहळू वळला...

बायकांकडे.

काढलेला चेहरा. डोळ्यांच्या जागी नुसती दोन भोकं. तरी प्रत्येकीला वाटलं, तो आपल्या ओळीत कोणाला तरी शोधतो आहे. एक बाई दुसरीच्या पाठीआड लपली.

मग त्यानं डावा हात उचलला.

करंगळी कानात घातली.

आणि कानातून काहीतरी पांढरं बाहेर ओढलं...

लोखंडाच्या माणसाच्या कानात कापूस कशाला असेल?

त्यानं फुंकर मारली. आईच्या लुगड्यावर काहीतरी हलकं येऊन पडलं. तिनं घाबरून ते झटकलं. पुढं आयुष्यभर ती म्हणायची, "कापूसच व्हता तो, माह्या हाताले लागला."

 आणि तेव्हाच पडद्यातून आवाज आला. जपानी नाही. खाली दबलेला, रुई तोंडात गेल्यावर माणूस बोलेल तसा.

"रुखमे... म्या कुठीच गेलो नाही वं."

आवाज आणखी खाली दबला.

"मले पेटीतून काढलंच नाही..."

कोणाचं तरी लेकरू किंचाळलं. त्यासरशी इंजिनाची धडधड आली, कडूबाचा आवाज आला, हशा आला. पडद्यावर पुन्हा ओळीनं लोखंडी माणसं.

बायकांच्या बाजूला एकच कल्लोळ उठला. मशीन बंद झालं, दिवे लागले, पुरुष पडदा बाजूला करून धावत आले. काय झालं, साप निघाला काय?

"तो आमच्याकडं पाहून राह्यलता!" बायका म्हणाल्या.

"कोन? तो लोखंड्या?" कडूबा बुचकळ्यात पडला. "तो तं आमच्याकडं पाठ करून उभा व्हता. म्या बोललो बी, पाहा, रुसला गडी, तोंड फिरवून बसला! सारे हासले. तुमाले आयकू नाही आलं?"

कोणालाच ऐकू आलं नव्हतं.

आता तुम्हीच विचार करा. पडदा एक. चित्र एक. उजव्याचं डावं होईल, हे मान्य. पण इकडून पाठ आणि तिकडून तोंड... हे कसं होईल? कापडावरच्या चित्राला पाठ कुठली आली?

आवाज किती जणींनी ऐकला? आईनं काहीतरी पुटपुटणं ऐकलं, शब्द नाहीत. बाकीच्या म्हणाल्या, नुसतं घरघरलं. मावशीनं शब्द न शब्द ऐकला. तिनं सासूकडे पाहिलं. सोजराबाई पदर सारखा करत होती. "चाल घरी," ती म्हणाली. "कायचा मेला सिनेमा."

मावशी घरी गेली नाही. कधी नव्हे ती पुरुषांच्या बाजूला गेली. भर तंबूत, डोक्यावरचा पदर पडलेला, सरळ किसनरावाच्या खुर्चीपुढे.

"किसनभाऊ, त्याईले पेटीतून काऊन नाही काढलं?"

किसनराव बिडी शिलगावत होता. काडी विझली. तो "कायची पेटी" म्हणाला असता, "येडी झाली काय" म्हणाला असता, तर तिथंच विषय संपला असता. त्याच्या तोंडून निघालं...

"तुले कोनं सांगतलं?"

आजूबाजूची माणसं जवळ सरकली.

"त्याईनंच सांगतलं," मावशी म्हणाली.

किसनरावानं पडद्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहत तो भरभर बोलू लागला, जणू कोणी मागून ढकलत होतं. "दोन पाळ्या सलग करून थकेल व्हता. पेटीतच डोया लागला असंन. वरून रुई पडली, कोनाच्या ध्यानात नाही आलं. दाब देऊन झाला, पट्ट्या आवळून झाल्या, मंग मानसं मोजले तं एक कमी. गठाण फोडू म्हनलं म्या. जिनिंगचा शेठ म्हने, जहाजाची तारीख हाये, वॅगन लागेल हाये. आन् फोडून आता काय निंघनार हाये?"

"कुठी गेली ती गठाण?"

किसनरावानं विझलेली काडी टाकून दिली.

"जपानले."

मावशीनं तिथेच, सगळ्या गावासमोर, पदरानं कपाळ पुसलं. आणि मला सांगताना ती म्हणाली, "तुले खोटं काऊन सांगू, लेका? पयले मले बरंच वाटलं. टाकून नव्हते गेले मले." मग तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं, की ती मातीत बसून ओरडून रडली.

किसनरावाचं बोलणं शंभर माणसांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी एकानंही ऐकलेलं नव्हतं. फौजदार आला, त्यानं दहा जणांना विचारलं. कोणी म्हणालं, मी मागं होतो. कोणी म्हणालं, इंजिनाचा आवाज होता. पुढच्या हंगामाला प्रत्येकाला मलकापूरला जायचं होतं आणि नेणारा किसनरावच होता. मला आजही त्या माणसांचा राग येतो. ती सगळी भली माणसं होती, म्हणून जास्तच येतो.

आणि सोजराबाई?

तिनं तर कहर केला. "माहा लेक जिता हाये. मुंबईत हाये. तू काय त्याले मारून राह्यली?" असं म्हणत तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला धरून बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिला कुंकू लावलं. मावशी पुसायची, म्हातारी पुन्हा लावायची. शेवटी मावशीनं पुसणं सोडून दिलं. ना धड सवाष्ण, ना धड विधवा, अशी ती त्या म्हातारीसोबत एका घरात वर्षानुवर्षं राहिली. सासूनं पडद्यातले शब्द ऐकलेच नाहीत, आपण एकटीनंच ऐकले, असं मावशी धरून चालली होती.

एका हिवाळ्यात म्हातारीला खोकल्यानं बेजार केलं. ती जमिनीवर तरट टाकून झोपायची. का, ते कोणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची खोड, दुसरं काय. मावशीनं पिंजाऱ्याकडून कापसाची नवी गादी भरून आणली आणि दुपारी अंगणात ऊन दाखवून घरात अंथरली.

"आत्याबाई, आज याच्यावर निजा. थंडी लई हाये."

सोजराबाई गादीपासून हातभर लांब सरकली. भिंतीला टेकली. 

"माह्या लेकाच्या उरावर निजू काय?"

मावशी तिच्याकडे पाहतच राहिली.

"तुम्ही आयकलं व्हतं," ती म्हणाली.

"हाव."

 मग म्हातारीनं सुनेचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि अगदी हळू विचारलं...

"तथी जपानात त्या लोकाईनं गठाण फोडली असंन, तवा त्याले चितेवर जायलं असंन का मातीत गाडलं असंन वं?"

"म्या कुठून सांगू, आत्याबाई," मावशी म्हणाली.