अकरा सूत

पणजोबा लाकडी फळ्यांवर कुंचल्याने अक्षरे लिहीत, म्हणून त्यांना फळीवाले म्हणत. त्यांचे चिरंजीव पत्र्यातून अक्षरे कापू लागले, ते पत्रेवाले झाले. पत्रेवाल्यांच्या मुलाने पत्रा मोडीत काढून प्लास्टिकच्या शीट आणल्या, मोठी करवत बसवली आणि ऐन भरात सारा पसारा बायकोच्या पदरात टाकून जग सोडले. या तिघांच्या मागून आला तो आपला नायक. मापाला एवढा काटेकोर की एका सुतासाठी, म्हणजे इंचाच्या आठव्या भागासाठी, दिवसभर अडून बसे. कारखान्यात त्याला सगळे सूतराव म्हणत. तीन पिढ्यांनी त्याला हात दिला, डोळा दिला. जीभ द्यायची मात्र राहून गेली.

ती त्याला प्रथम दिसली ती कारखान्याच्या फाटकाशी, भंगाराच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभी असलेली.

“काही हरवलंय का?” त्याने विचारले.

“हरवतंय तुमचं, सापडतंय मला.” तिने एक पिवळा तुकडा उन्हात धरला, तिचा अर्धा गाल पिवळा झाला. “यात चार दारांच्या पाट्या निघतील. आणि हे बाण सगळे एकाच दिशेला तोंड करून का कापता? रांगेत उभे करायचेत का त्यांना? एकाच्या शेपटाशी दुसऱ्याचं डोकं ठेवा… बघा किती उरतं.”

ती घरच्या घरी नावाच्या पाट्या करी. हातकटरने शीटवर रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायची आणि टचकन तुकडा मोडायचा. एवढीच तिची अवजारे. सूतरावांनी आत जाऊन कागदाचे बाण कापून पाहिले. जिथे चौदा बसत होते तिथे अठरा बसले. पुढले दोन दिवस ते पिंपाभोवती घिरट्या घालत राहिले, तेव्हा करवतीवाले काका म्हणाले की भंगार काही पळून जात नाही, मालक, पळून जाणारी वस्तू वेगळी असते.

तिसऱ्या दिवशी ती आली आणि त्याने तिला आईसमोर उभे केले. आईच्या नजरेखालून दगडसुद्धा मोजमाप दिल्याशिवाय सुटत नसे. तिने दहा प्रश्न विचारले, अकरावा विचारला नाही आणि मुलीला आखणीच्या कामावर ठेवले. एक नियम तेवढा बजावून सांगितला. पत्रेवाल्यांच्या वेळेपासून आखणीवर ती तपासणाऱ्याची, म्हणजे आता सूतरावांची, सही पडल्याशिवाय करवत चालत नसे. ज्याची सही, त्याचा माल; बिघडला तरी त्याचाच.

मग दिवसांना पंख फुटले. करवतीचा चुरा विजेने भारल्यासारखा अंगाला चिकटे. तिच्या बाहीवर निळे, तांबडे कण चमकत.

“तुमच्या बाहीला… इथे…”

“काढा की. का आधी मोजणार?”

तो खरेच आधी मोजी. सात कण काढायला त्याला पाव तास लागे आणि काका पाठ फिरवून करवतीला तेल घालत. आठवड्यातून तिसऱ्यांदा तेल कशाला, असे आईने एकदा विचारलेही.

अशातच एका इस्पितळाचे काम आले. लांबलचक मार्गिकांसाठी चार इंच रुंद, आठ फूट लांब अशा बारा निळ्या पट्ट्या हव्या होत्या, सगळ्या एकाच छटेच्या. त्या छटेची एकच शीट शिल्लक होती आणि नव्या मालाचा रंग जुळत नव्हता. शीट अठ्ठेचाळीस इंच रुंद. चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस. तिने शीटवरच्या कागदावर पेन्सिलीने रेघा आखल्या आणि सहीसाठी त्याला हाक मारली.

त्याने पेन्सिल घेतली, पण बोलला भलतेच.

“मलाही एक पाटी हवी होती. दारावरची.”

“नाव?”

“दोन… दोन नावांची.”

ती थबकली. “दुसरं नाव कोणाचं?”

“तिला अजून विचारायचंय.”

“मग विचारा,” ती हळूच म्हणाली. “तोवर मी दोन नावं मावतील एवढा तुकडा शोधून ठेवते.”

तिच्याकडे पाहता पाहता त्याने सही केली. रेघांकडे त्याचे लक्षच गेले नाही.

हातकटर नुसता ओरखडा काढतो, काही खात नाही. करवतीचे पाते मात्र दर कापाला एक सूत खाते. बारा पट्ट्यांना अकरा काप. तिच्या हाताला हे ठाऊक नव्हते. त्याच्या तर रक्तात होते. शेवटची पट्टी अकरा सूत अरुंद निघाली. एक कमी म्हणजे बाराही वाया.

आई पट्टी घेऊन आली, स्वतः मापली.

“आखणी कोणाची?”

“माझी,” ती म्हणाली.

“आणि तपासली कोणी?”

सही पहिल्या पट्टीच्या कोपऱ्यावर होती आणि त्या कोपऱ्यावर सूतरावांचा तळहात होता. जन्मात एकदाही न चुकलेल्या माणसाच्या तोंडाला ‘चुकलो’ या शब्दाचे वळण नसते. त्याने हात उचलला नाही. तिने तो हात पाहिला. बंद केलेल्या करवतीचे पाते फिरायचे थांबेपर्यंत तिने वाट पाहिली…

“मी तपासून घेतली नाही,” मग ती आईला म्हणाली. “तुमची एक शीट माझ्याकडे लागली. पूर्ण देईन.”

त्या दिवशी ती गेली ती कामावर परत आली नाही. आठ दिवसांनी धीर गोळा करून तो तिच्या घरी गेला, तेव्हा दाराला कुलूप होते. ती सहीची पट्टी त्याने कपाटात ठेवली. कपाट रोज उघडी, पट्टी पाही, तोंड मात्र उघडत नसे.

चार वर्षांनी एका दुपारी फाटकाशी टेम्पो थांबला आणि ती उतरली. मागे निळी शीट होती, त्याच छटेची. ती मिळवायलाच एवढा काळ लागला, असे तिने आईला सांगितले. कागदावर आखणी करूनच आणली होती: अकरा पट्ट्या, दर पट्टीनंतर सूतभर फट आणि शेवटी एक चिंचोळा उरलेला भाग.

आई बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत राहिली. त्या बोटाकडे पाहता पाहता सूतरावांना आतून काहीतरी मोडल्यासारखे झाले. ते उठले, कपाटातली पट्टी आणून त्यांनी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली.

“आई, ही सही माझी. त्या दिवशी मी ती हाताखाली झाकली होती.”

काकांनी करवत बंद केली. आईने सही वाचली आणि लेकाकडे न पाहता तिच्याकडे वळली.

“मुली, मी चुकीच्या माणसाला जाऊ दिलं.”

सूतराव मग अगदी हळू म्हणाले, “तो शेवटचा भाग… त्यात दोन नावं मावतील?”

“मावली असती,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागले. “पण माझ्या दारावर पाटी लागली, सूतराव. दोन नावांची. मीच कापली. आज बोललात, बरं केलंत. तुमच्याकडे माझं एवढंच यायचं होतं. आता पोच द्या.”

आईने कागद पुढे सरकवला. त्याने त्यावर लिहिले: एक शीट, पूर्ण, मिळाली. मग तिच्याकडे एकदाही न पाहता, शीटवरच्या अकराही फटी एकेक करून मोजल्या आणि सही केली.