बदली राजा

राज्यं तलवारीनं मिळतात, हा इतिहासातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. निहारला त्याचं राज्य खंडेराव मार्केटात, दुधी निवडताना मिळालं.

"ओ काका..."

तो वळला. हसरे डोळे, कानामागे बट सारणारी बोटं...

"अय्या, सॉरी! दाढीमुळे वाटलं. मराठी ना तुम्ही? राजा व्हाल?"

"लई लो ने, भाई," घेऊन टाका असं भाजीवाला गुजरातीत, दुधीबद्दल म्हणाला. निहारनं दोन्ही घेतलं.

मराठी मंडळींच्या नाटकात ती, म्हणजे उत्कर्षा, राणी होती. मध्ययुगातला एक सरदार राणीशी लग्न करून राजा होतो, अशी गोष्ट. सरदार व्हायचा तो दिग्विजय रिफायनरीच्या शटडाउनमध्ये अडकलेला. तो सुटेपर्यंत तालमीला कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"हात धर ना! भाजीची पिशवी धरल्यासारखा नको."

"मग कसा?"

"असा..."

निजामपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये ती रोज त्याच्याशी लग्न करायची, रोज त्याला मुकुट घालायची. मग दोघं शेव-उसळ खायला जायचे. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते तिखटामुळेच, असं तो स्वतःला बजावायचा.

शेवटच्या तालमीला मुकुट घालताना तिची बोटं त्याच्या केसांत जरा रेंगाळली.

"उत्कर्षा, मला राज्य नकोय."

"हे वाक्य नाटकात नाहीये."

"माहितीये."

तिनं बोटं मागे घेतली. "पाडव्याला साखरपुडा झाला माझा. दिग्विजयशी." मग अगदी हळू— "त्याच्या आधी का नाही रे आलास मार्केटात?"

"तेव्हा आईचे गुडघे बरे होते. भाजी तीच आणायची."

यावर दोघांना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

प्रयोगाला दिग्विजय आला. निहार विंगेत, प्रॉम्प्टिंगला. ऐन लग्नात दिग्विजय वाक्य विसरला. निहार कुजबुजला, "तुझ्याशिवाय मी कुणीच नाही." दिग्विजयनं ते खणखणीत म्हटलं. उत्कर्षा मात्र विंगेकडे पाहत होती. टाळ्या दिग्विजयला पडल्या.

प्रयोगानंतर ती धावतच पार्किंगमध्ये आली. अंगावर राणीचा शालू तसाच, काजळ गालांवर उतरलेलं.

"निहार... एक मागू? नाही म्हणू नकोस."

"माग." तो आयुष्य द्यायला तयार होता.

ती पाहत राहिली. ओठ हलले... मागून हॉर्न वाजला.

"तुझी स्कूटर जरा पुढे घे ना. आमची गाडी निघत नाहीये."